कर्णिकबाईंचा हात

ही गोष्ट २०४१ सालची. त्या वर्षी परतवाड्यात दोनच गोष्टींची चर्चा होती. आंबिया बहराची झाडं संत्र्यांनी अशी लगडली होती की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. आणि चिखलदऱ्याच्या रस्त्याला नवं मेडिकल कॉलेज उघडलं होतं, जिथे शिकायला एक पैसा लागत नव्हता. त्या बहराची आठवण आता फारशी कुणाला नसेल. कॉलेज मात्र सगळ्यांना माहीत आहे.

विलास गावंडे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. त्याची बायको प्रतिभा, आणि एकुलती एक मुलगी रेवा. रेवाला त्या साली दोन्हीकडे प्रवेश मिळाला. नागपूरच्या जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात, आणि या नव्या, बिनफीच्या कॉलेजात. दुसऱ्या एखाद्या घरात हा प्रश्न चहा निवायच्या आत सुटला असता. गावंड्यांकडे तो सुटेना. कारण प्रतिभाला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, आणि जगाकडे उघडणारं तिचं एकच दार होतं. ते म्हणजे रेवाचा हात.

हे जन्मापासूनचं नव्हतं. चौतिसाव्या वर्षी प्रतिभाला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण डोळ्यांच्या आणि कानांच्या शिरा जळून गेल्या. पुढे कानात बसवायची किती चांगली यंत्रं आली. पण शीरच उरली नाही तिथे यंत्र बोलणार कुणाशी, असं डॉक्टर म्हणाले. जीभ शाबूत राहिली, तेवढंच. ती पहिल्यासारखी बोलायची, फक्त आपला आवाज किती मोठा झाला हे तिला कळायचं नाही. तो फार वाढला की घरातलं कुणीतरी तिची करंगळी दाबायचं.

रेवा तेव्हा चार वर्षांची होती, बालवाडीत मुळाक्षरं शिकत होती. शाळेतून आली की आईच्या मांडीवर बसून ती आईच्या हातावर अक्षरं मांडायची. अंगठा 'क'च्या ओळीचा, त्याच्या शेजारचं बोट 'च'च्या ओळीचं, असं करत करंगळीवर 'प'ची ओळ. प्रत्येक बोटावर बुडापासून टोकापर्यंत पाच जागा ठरवल्या. उरलेली अक्षरं तळव्यावर, आणि काना-मात्रा नखाच्या बारीक ओढीने. लेक अक्षरं शिकली आणि त्याच अक्षरांवरून आई अंधारातून बाहेर आली. वर्ष-दोन वर्षांत दोघी इतक्या वेगाने बोलू लागल्या की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी आईच्या तळहातावर तबला वाजवतेय.

त्या बोलण्याला आवाज होता. रेवा रागावली की नख टोचायचं. हसू आलं की बोटं घसरायची. लबाडी करताना बोटांची टोकं गार पडायची. बोलणं सुरू करण्याआधी ती आईच्या मनगटावर दोन टिचक्या मारायची, दार वाजवावं तशा. प्रतिभा म्हणायची, "या, उघडंच आहे."

विलासही ही भाषा शिकला होता, पण तो मुळात कमी बोलणारा. त्याचं हातावरचं बोलणं म्हणजे 'जेवण?', 'हो', 'गाडी बिघडली'. बोटांना चिरा, नखांत ग्रीस. त्याची थोरली बहीण मीराताई गल्लीच्या टोकाला राहायच्या. त्यांना मात्रा सापडत नसत, म्हणून त्यांचं बोलणं बोबडं वाटायचं. सरकारकडून एक हातमोजाही मिळाला होता. समोरच्याने फोनवर बोलायचं आणि मोज्याने ती अक्षरं हातावर टोचायची. प्रतिभाने तो दोन दिवस घातला आणि कपाटात टाकला. "यात सगळे एकाच आवाजात बोलतात," ती म्हणाली. "तुम्ही, ताई, तो बँकेतला माणूस, सगळे सारखेच."

*

"आई, हे तीन वर्षांत होतं. नागपूरला साडेपाच," रेवा हातावर म्हणाली.

"तीन वर्षांत डॉक्टर? मुरायला टाकलेलं लोणचंसुद्धा जास्त वेळ मागतं."

मीराताई समोर बसल्या होत्या. "पोरगी फुकटात डाक्टर होऊन राहिली, आन् हिले नागपूर पाह्यजे. काहून वो?"

रेवाने ते जसंच्या तसं आईच्या हातावर उतरवलं, आत्यानं नाक कसं उडवलं तेही.

"ताई," प्रतिभा म्हणाली, "फुकटची साडी मिळाली तर तुम्ही आधी उलटून बघता, कुठे फाटलीय म्हणून. बघता की नाही?"

विलासने तिची करंगळी दाबली.

"तिची करंगळी काहून दाबतं रे?" मीराताई भावावर डाफरल्या. "खरंच तं बोलून राहिली थे."

प्रतिभाला नागपूर हवं होतं ते त्याच्या नावासाठी नाही. रेवाला नवं कॉलेज आईसाठीच हवंय, हे तिला कळत होतं. नागपूर म्हणजे वसतिगृह आणि सणासुदीला घर. नवं कॉलेज टेकडीवर, बसने अर्ध्या तासाचं. पहिले तीन महिने तिथेच राहायचं, मग रोज संध्याकाळी घरी. आपल्यापायी पोरीने जवळचं घ्यावं, हे तिला नको होतं. आणि पोरीने दूर जावं, हेही तिला नको होतं. हे दुसरं ती कुणाला बोलली नाही.

"पण तीन वर्षांत शिकवतात तरी कसं?" शेवटी तिने विचारलं. मग रेवाने बैठक मारून समजावलं.

आपल्या मेंदूत हाताचा एक नकाशा असतो. प्रत्येक बोटाला, प्रत्येक पेराला तिथे आपापली जागा असते. हाताला जे काम रोज करावं लागतं, त्याची जागा मोठी होत जाते. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांची बोटं, उठावाच्या लिपीत वाचणाऱ्या अंधांची बोटं, त्यांचे नकाशे फार बारीक आणि भरलेले असतात. मुरलेल्या डॉक्टरांचेही. पोटावर हात ठेवल्याबरोबर यकृताची कड कुठे आहे हे त्यांना कळतं. ते पुस्तकात सापडत नाही, चाळीस-पन्नास वर्षांत हातात उतरतं. नव्या कॉलेजात तो नकाशाच एका हातातून दुसऱ्या हातात नेत. एका जुन्या, नामांकित डॉक्टरचा हात पाच वर्षं रोज नोंदवला होता. तो कुठे किती दाबतो, कधी थांबतो, त्या क्षणी मेंदूत काय उमटतं, सगळं. विद्यार्थी रुग्ण तपासायला बसला की हातावरच्या पातळ जाळीतून तोच दाब, तीच जाणीव त्याच्या बोटांना दिली जाई. त्याच वेळी मानेतल्या एका शिरेला हलकासा झटका देत, म्हणजे मेंदू लहान मुलाच्या मेंदूसारखा मऊ होऊन ते टिपून घेई. तीन महिन्यांत पाया पक्का. म्हणून त्या तीन महिन्यांत हाताला जुनं काही करू द्यायचं नाही. लिहायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही, घरी यायचं नाही.

"आणि आधीचं हातात असतं, त्याचं काय?" प्रतिभाने विचारलं.

"अक्षर थोडं बदलतं म्हणे. माझं अक्षर तसंही कुणाला लागतं?"

प्रतिभा हसली. मग तिने सहज विचारलं, "हात कुणाचा आहे?"

"डॉक्टर लीला कर्णिक. ऐंशीच्या पुढच्या आहेत. तिथेच राहतात."

प्रतिभाचा हात रेवाच्या हातात घट्ट झाला.

ती मेंदूज्वरातून जागी झाली तेव्हा नुसता काळोख होता, आणि त्या काळोखात आवाज नव्हता. आपण मेलो असं तिला वाटलं होतं. ती किंचाळत होती आणि तिचं किंचाळणं तिलाच ऐकू येत नव्हतं. तेव्हा एक हात आला. तो आधी नुसता टेकला, ऊब येईपर्यंत थांबला, मग हळू दाबला. अनामिका जराशी वर, बाकीच्या बोटांपासून वेगळी. त्या हाताने तिचाच हात उचलून तिच्या छातीवर ठेवला. आत काहीतरी धडधडत होतं. म्हणजे आपण आहोत. मग त्याच हाताने एक चिमुकला चिकट हात आणून तिच्या मुठीत दिला. रेवाचा.

कर्णिकबाईंचा चेहरा प्रतिभाने कधी पाहिला नाही. हात मात्र ती चौदा वर्षं विसरली नव्हती.

"त्या बाईंचा हात तुला मिळणार?" तिचा आवाज चढला, पण या वेळी करंगळी कुणी दाबली नाही. "मग विचारतेस काय? जा. उद्याच जा."

नागपूरची जागा सोडली. ती सोडायला प्रतिभानेच सांगितलं.

*

तीन महिने घर मुकं झालं. विलास 'हो' आणि 'नाही' म्हणायचा. मीराताई येऊन मात्रांशिवाय गल्लीच्या बातम्या द्यायच्या. प्रतिभा चिवडा करायची, संत्री निवडायची, आणि पोळ्या लाटता लाटता मनात रेवाशी बोलायची. हात मोकळा असला की तिला गार वाटायचं.

धनत्रयोदशीच्या दुपारी ती ओसरीत करंजीची कडा दुमडत बसली होती. उंबऱ्यावर पावलांची धमक जाणवली. शेजारी कुणीतरी येऊन बसलं आणि तिचा पिठाने माखलेला हात हातात घेतला.

हात आधी नुसता टेकला. ऊब येईपर्यंत थांबला. मग हळू दाब आला. अनामिका जराशी वर.

प्रतिभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टरबाई!" ती म्हणाली. "तुम्ही? आमच्याकडे? अगंबाई, बसा ना, खाली का बसलात? हात कसा माखलाय माझा."

 मग बोटं तिच्या तळव्यावर चालू लागली. सावकाश, एकेक अक्षर. "आई."

"बाईंना आमची भाषा शिकवलीन वाटतं पोरीनं!" प्रतिभा हसली. "पण 'आई' काय म्हणता, माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही. तिला आणलं नाहीत? आज सुटी होणार होती ना? बाई, एक विचारू? ती रडते का तिथे? मला खरं सांगणार नाही ती. लहानपणापासून रडू आलं की करंजीचं सारण खाते ती. मी रोज सारण थोडं जास्त करते बघा, सवयीनं."

मनगटावर दोन टिचक्या पडल्या. दार वाजवावं तशा.

प्रतिभा क्षणभर थांबली. मग तिने आपल्या दुसऱ्या हाताने त्या हातावर थोपटलं. "हेही सांगितलं तुम्हाला? सगळं सांगते म्हणजे. बाई, तिला सांभाळा. हात देताय तिला तुमचा, उपकार आहेत. पण तिला लवकर धाडा घरी. मला तिच्याशिवाय काही ऐकू येत नाही हो."

तिच्या हातावर पाण्याचे थेंब पडले. गरम. तेव्हा प्रतिभाने पिठाची बोटं वर नेली आणि समोरच्या चेहऱ्यावर ठेवली. सुरकुत्या नव्हत्या. गाल तरुण होता. हनुवटीवर तो व्रण होता, सायकलवरून पडल्याचा.

करंजी तिच्या मांडीवरून खाली पडली.

*

"मला कळतंय गं," प्रतिभा म्हणत होती. "शब्द तुझेच आहेत. पण ते कुणीतरी वाचून दाखवल्यासारखे येतात. डोक्याला पटतं. हाताला पटत नाही."

दुखणं रेवाच्याही बाजूने होतं. पूर्वी आई चारचौघांत चेष्टा करायची असली की लेकीच्या तळव्यावर लिहायची. 'तुझ्या आत्याचा चहा म्हणजे पाण्याला चहाची ओळख करून दिलेली.' आता आईची बोटं तळव्यावर फिरली की रेवाला आधी तिची नाडी लागायची, मग त्वचेतला कोरडेपणा, मग करंगळीच्या सांध्यातली सूज. अक्षर लागायचं ते डोळ्यांनी बघून, अंकलिपी वाचावी तसं. आणि विनोद तोवर शिळा झालेला असायचा.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन टेकडीवर गेली. कर्णिकबाई व्हरांड्यात शाल पांघरून बसल्या होत्या. रेवाने सगळं सांगितलं. 

"परत होईल का?" रेवाने विचारलं. "माझा आधीचा हात?"

"त्याची नोंद कुठे आहे बाळ?" बाई म्हणाल्या. "माझा हात पाच वर्षं नोंदवला. अठरा वर्षांच्या मुलीचा हात जपून ठेवावा असं कुणाच्या मनातच आलं नाही. आम्ही समजलो, पाटी कोरी आहे." मग म्हणाल्या, "आत्ता सोडलंस तर काही परत येईल, कदाचित. आईच्या हातावर रोज बोलत राहिलीस तर. पुढचा टप्पा झाला की नाही. मग हा कायमचा."

त्यांनी प्रतिभाकडे हात पुढे केला. प्रतिभाने तो घेतला आणि चमकली. तोच हात, पण किती म्हातारा. थरथरत होता. टेकायचा, पण ऊब येत नव्हती.

"बाई, थकलात हो तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या हातात तुम्ही तरुण आहात."

कर्णिकबाईंनी रेवाकडे पाहून म्हटलं, "आईला सांग. मला वाटलं होतं, मी गेल्यावर माझा हात मागे राहील. तो कुणाच्या जागी राहील, हा विचार मी केला नाही."

रेवाने तेवढं आईच्या हातावर लिहिलं. कर्णिकबाईंचं म्हणणं कर्णिकबाईंच्याच हातून प्रतिभाला कळलं. त्या वेळी पहिल्यांदा तो हात आणि ते शब्द एकमेकांना शोभत होते.

परतताना बसमध्ये रेवा हातावर म्हणाली, "सोडतेय मी. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देईन. मिळालं तर नागपूर, नाही तर नाही."

"विचार कर," प्रतिभा म्हणाली. पण बस घाटातून उतरत असताना तिचा जीव हलका झाला. घरी येऊन तिने पुन्हा करंज्या करायला घेतल्या, आणि लक्ष्मीपूजनाला मीराताईंना स्वतः लाडू वळून दिले.

"आज लै खुशीत दिसून राहिली," मीराताई तिच्या हातावर बोबडं बोलल्या.

"दिवाळी आहे ना ताई."

*

पाडव्याच्या सकाळी बायकोने नवऱ्याला तेल लावायचं. एवढा एक दिवस विलास गडबड न करता पाटावर बसायचा. पाठ झाल्यावर प्रतिभा पोटाला तेल चोळत होती. त्याने तिच्या हातावर दोनच शब्द टोचले. "हळू. दुखतं."

"कधीपासून?"

"गॅस."

"गॅस काय म्हणता? रेवा, ये गं, यांच्या पोटाला जरा हिंग लाव."

रेवा आली, मागोमाग फराळाला आलेल्या मीराताईही. आईचा हात अजून बाबांच्या पोटावरच होता. रेवाने आपला हात त्यावर ठेवला आणि हलकेच आईचा हात बाजूला सरकवला. पण पूर्ण नाही. तिची बोटं प्रतिभाच्या बोटांना लागून राहिली. म्हणून पुढचं सगळं प्रतिभाला जाणवलं.

हात आधी टेकला. ऊब येईपर्यंत थांबला. दाबला. बेंबीच्या जरा वर, डावीकडे, तो थांबला आणि तिथेच राहिला. हिंग लावणारा हात असा थांबत नाही. प्रतिभाला चौदा वर्षांपूर्वीचा तो हात आठवला. तिच्या छातीवर तिचाच हात ठेवून जो सांगत होता, अजून आहेस.

"बाबा, उठू नका," रेवा म्हणाली. प्रतिभाला ते ऐकू आलं नाही, पण बोटं ताठ झालेली कळली. "इथेच आडवे पडून राहा. आत्या, अॅम्ब्युलन्स बोलवा."

"अवं, गॅस झाला त्याले, अॅम्ब्युलन्स कायले?"

"गॅस नाही. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय. ती ठोक्याबरोबर दोन्ही बाजूंना ताणली जातेय. फुटेल."

त्याला नागपूरच्या जुन्या कॉलेजच्याच इस्पितळात नेलं. ज्या हातांनी ती वाहिनी उघडून शिवली ते सावकाश शिकलेले, पिढ्यान्पिढ्या एकाने दुसऱ्याला दिलेले हात होते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ही चित्र न काढता, नुसत्या बोटांनी कुणी ओळखली? आणखी चार दिवस घरी बसले असते, तर आम्हाला काही करता आलं नसतं.

विलास शुद्धीवर आला तेव्हा प्रतिभा त्याच्या उशाशी होती. त्याने तिचा हात शोधला. चिरा पडलेली बोटं, ग्रीसचा वास धुवून गेलेला.

"आहे," तो तिच्या हातावर म्हणाला.

एवढंच. तरी त्याचं इतकं लांब बोलणं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी इस्पितळाच्या आवारातल्या बाकावर मायलेकी बसल्या. संत्र्याची गाडी जवळच असावी, वास येत होता. रेवा काही बोलायला लागली तसा प्रतिभाने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत मिटून घेतला. बोटं चालूच दिली नाहीत.

"माझं ऐक," ती म्हणाली. "कॉलेज सोडायचं नाही."

हात सुटायला धडपडला.

"नाही. तुझ्या बाबांचा हात मला मिळाला, तुझा गेला. हा सौदा मी केलेला नाही, पण झालाय. डोंगरात कितीजणींचे नवरे गॅस म्हणून झोपतात आणि उठत नाहीत, रेवा. त्यांच्या घरी हा हात जायला हवा. मी एकटीने तो अडवून ठेवू?" तिचा आवाज फार मोठा झाला होता. बाकावरची माणसं वळून बघत होती. रेवाने तिची करंगळी दाबली.

प्रतिभा थबकली. मग हळू म्हणाली, "ही एक जागा तुझीच राहिलीय गं. करंगळी तू तशीच दाबतेस."

ती खोटं बोलत होती. करंगळीही कर्णिकबाईंनीच दाबली होती. पण हे रेवाला पुढे कधीच कळलं नाही.

घरी परतल्यावर प्रतिभाने कपाटातून तो सरकारी मोजा काढला, झटकला, आणि हातावर चढवला. "आता यावरच बोलत जाऊ," ती म्हणाली. "यात सगळ्यांचा आवाज सारखाच असतो. म्हणजे तुझा वेगळा शोधायला नको."

*

रेवाने तीन वर्षं पूर्ण केली. नंतर अठरा वर्षं ती मेळघाटातल्या पाड्यांवर होती. तिच्या हाताने वाचलेल्या कोरकू बायका आणि मुलं आजही तिकडे तिचं नाव घेतात. पण तेही तिचं एकटीचं नाही. तिच्या तुकडीच्या प्रत्येकाला ते लोक 'मोठ्या बाई'च म्हणतात, पुरुष डॉक्टरांनाही. हात एकच म्हणून.

कर्णिकबाई ४३ साली वारल्या. जाण्याआधी त्यांनी कॉलेजला एक नियम करायला लावला, की कुठल्याही मुलाचा हात घेण्याआधी तो महिनाभर नोंदवून जपून ठेवायचा. तो नियम अजून आहे. त्याचा उपयोग होऊन एका वादकाला त्याचं वाजवणं परत मिळालं असं म्हणतात. रेवाला त्याचा काही उपयोग नव्हता.

मीराताई शेवटपर्यंत मात्रा चुकत राहिल्या. प्रतिभाला त्यांचं बोबडं बोलणं पुढे फार प्रिय झालं. "ताईंचं असलं बोलणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही," ती म्हणायची, आणि त्या आल्या की मोजा काढून ठेवायची.

विलास निवृत्त होऊन संत्र्याच्या दोन झाडांची निगा राखत पुष्कळ जगला. बायकोच्या मागे तो बोलायचाच थांबला.

प्रतिभा २०६० साली गेली. छातीत कफ झाला म्हणून परतवाड्याच्याच दवाखान्यात ठेवलं होतं. तिथले सगळे डॉक्टर नव्या कॉलेजचे. हाताला सुया होत्या, मोजा चढवता येत नव्हता. सकाळी एक हात यायचा, दुपारी दुसरा, रात्रपाळीला तिसरा. आधी टेकायचा, ऊब येईपर्यंत थांबायचा, मग दाबायचा, अनामिका वर. पहिल्या दिवशी प्रतिभा गोंधळली. मग तिने आपल्यापुरता उपाय काढला. कुठलाही हात आला की ती विचारायची, "रेवा, जेवलीस का गं?"

तिथे एक तरुण डॉक्टर होता. त्याला कुणीतरी ती मुळाक्षरं शिकवली होती. तो तिच्या तळव्यावर हळूच लिहायचा, "हो आई." बाकीच्यांनीही शिकून घेतलं.

रेवा डोंगरातून आली ती अखेरच्या दुपारी. तिने आईचा हात घेतला. मनगटावर दोन टिचक्या मारल्या.

प्रतिभाचे ओठ हलले. "रेवा, जेवलीस का गं?"

"हो आई," रेवाने लिहिलं.

आईने आपल्याला ओळखलं, की तो प्रश्न सगळ्यांना होता तसाच आपल्यालाही होता, हे रेवाला विचारता आलं नाही. तासाभराने बोटांखालची नाडी थांबली. ती कुठल्या ठोक्याला थांबली तेही रेवाला कळलं. तिच्या हाताला सगळं कळतं.

आज ती नागपूरच्या जुन्या कॉलेजात शिकवते. मुलांना सावकाश शिकवते, आणि कुणी घाई केली तर रागावते. कधी वर्ग सुटल्यावर एकटी बसली की उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर ठेवून ती 'आई' लिहून बघते. पुन्हा लिहून बघते. तिला नाडी लागते. अक्षर लागत नाही.